नारा (जपान): आईबरोबर एक दिवस पायी, गाईडशिवाय. मार्ग सुचवा

मुक्ता_सातारा:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मी ओसाकाला भावाकडे जातोय. त्याला एक दिवस सुट्टी मिळणार नाहीये, तेव्हा त्या दिवशी आम्ही दोघीच नाराला जाऊन यायचं ठरवलंय. आई ६७ वर्षांची आहे, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली. सपाटीवर थांबत थांबत तीन-चार किलोमीटर आरामात चालते, पण डावा गुडघा दुखरा आहे आणि पायऱ्या उतरताना फार त्रास होतो. गाईड नको. झेंड्यामागून पळत देवळं बघायची नाहीत असं तिनं निक्षून सांगितलंय. ट्रेन सोडून दर माणशी तीन हजार येन खर्च करू शकतो. दोघी शाकाहारी.
विचारायचंय ते असं: आधी काय आणि नंतर काय बघावं, मध्ये बसायला जागा कुठे मिळेल, आणि खायचं काय?

शेखर_बोरिवली:
नारा कशाला? क्योटो करा. आम्ही ११ दिवसांत सात शहरं केली. नारा अर्ध्या दिवसात उरकलं आणि दुपारी क्योटोत होतो. क्योटोचा तत्त्वज्ञांचा रस्ता कालव्याच्या कडेनं जातो, दोनेक किलोमीटर, सगळा सपाट. आईंना तो आवडेल. आणि सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास आधी काढून ठेवा, मग जेआरच्या गाड्यांना कुठेही तिकीट काढायला नको.

ओसाकाची_सई:
मुक्ता, मी नऊ वर्षं ओसाकात राहते. नाराला किमान पंधरा वेळा गेलेय, त्यातल्या चार वेळा सासूबाईंना घेऊन. जरा सविस्तर लिहिते.
आधी ट्रेनचं. नाम्बाहून किन्तेत्सु कंपनीची गाडी घे, जलद गाडीला साधारण चाळीस मिनिटं लागतात. 'लिमिटेड एक्सप्रेस'ला जादा पैसे पडतात, ती नको. जेआरनंही जाता येतं, पण जेआरचं नारा स्टेशन देवळांपासून लांब आहे. आईंचा तेवढा एक किलोमीटर फुकट खर्ची पडेल. किन्तेत्सु नारा स्टेशनातून वर आलं की पूर्वेकडे कोफुकुजी देऊळ पाच-सात मिनिटांवर आणि तोदाइजी, म्हणजे महाबुद्धाचं देऊळ, वीस-पंचवीस मिनिटांवर. रस्ता हलक्या चढाचा, रुंद आणि सरळ आहे.
नोव्हेंबरात महाबुद्धाचं देऊळ सकाळी आठला उघडतं आणि संध्याकाळी पाचला बंद होतं. आठला दारात उभी राहा. साडेनऊनंतर शाळांच्या सहली येतात, मग आत एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही.
माझा मार्ग: नंदाइमोन दरवाजा, महाबुद्ध, मग देवळाच्या मागच्या बाजूनं निगात्सुदो हे उंचावरचं देऊळ. तिथून वाकाकुसा टेकडीच्या पायथ्यानं कासुगा ताइशा देऊळ, आणि दगडी दिव्यांच्या रस्त्यानं उतरत परत गावात. शेवटी नारामाचीची जुनी घरं. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर होतं. आईंसाठी यातलं काहीतरी कापावं लागेल. मी असते तर नारामाची कापली असती.

रोहन_भटक्या:
सईताईंनी दिलेला मार्ग मस्तच. पण वाकाकुसा टेकडी सोडू नका, ३४२ मीटर उंच आहे, वरून अख्खं शहर दिसतं. मी एका दिवसात टेकडी, कासुगामागचं जंगल आणि नारामाची असं मिळून २२ किलोमीटर चाललो. बुटांवर पैसे घाला. मी खास या ट्रिपसाठी अठरा हजारांचे घेतले, एक फोड आला नाही. आईंनाही तसेच घ्या. गुडघ्याचं दुखणं कधीकधी चुकीच्या चपलांमुळेही वाढतं.

विनूकाका:
बेटा, गाईड नको म्हणू नकोस. आम्ही मोठ्या टूर कंपनीबरोबर गेलो होतो. नाव घेत नाही. महाबुद्धासमोर आम्हाला पंचवीस मिनिटं दिली आणि भेटवस्तूंच्या दुकानात सव्वा तास. बायको रडकुंडीला आली होती. परत गेलो तेव्हा खाजगी गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाईड घेतला. दिवसाचे पन्नास हजार येनच्या वर गेले, पण कुठे धावपळ झाली नाही. आईंचं वय बघता पैशांकडे बघू नकोस.

पल्लवी_नाशिक:
हरणांपासून जपा! तिथे हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात आणि सगळे फोटोत गोड दिसतात. मी बिस्किटांचा गठ्ठा विकत घेतला, कागदी पट्टी काढायच्या आतच तिघांनी घेरलं. एकानं ओढणीचं टोक चावायला घेतलं आणि मी ओढत राहिले. शेवटी टोक त्याच्याच तोंडात राहिलं. आईंना साडी नेसू देऊ नका, पदर नक्की ओढतील. शरद ऋतूत नर जास्त आक्रमक असतात म्हणे.

ओसाकाची_सई:
पल्लवी, बिस्किटं हातात नसतील तर ती ढुंकून बघत नाहीत. दोन्ही तळवे उघडे दाखवायचे, संपलं असं त्यांना कळतं. आणि कागद, नकाशा, प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही. हरणं प्लॅस्टिक खातात, ते पोटात साचतं आणि मरतात. म्हणून तर बागेत कितीतरी वर्षं कचरापेट्या ठेवल्या नव्हत्या. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून परत न्यायचा.
कासुगा देवळाचा देव काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून इथल्या हरणांना देवाचे दूत मानतात.

शेखर_बोरिवली:
जेआर पासचं कोणीच बोलत नाही. आम्ही २०१८ ला काढला, सगळे पैसे वसूल झाले. किन्तेत्सुवर तो चालत नाही, म्हणून म्हणतो जेआरनंच जा.

मृणाल_टोरांटो:
शेखर, ऑक्टोबर २०२३ मध्ये पास एकदम महाग झाला. सात दिवसांचा २९,६५० चा ५०,००० येन झाला. ओसाकाला राहून नारा करणाऱ्यांना तो घ्यायला सांगणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं. ओसाका-नारा हे सातशे येनच्या आतलं काम आहे.

शेखर_बोरिवली:
त्यांना पुढे टोकियो करायचं असेल तर?

मृणाल_टोरांटो:
त्यांनी टोकियोचं विचारलेलंच नाही.

पोथीवाला:
धागाकर्तीच्या आई संस्कृत शिकवत होत्या हे वाचून राहवेना. बाई, तुम्ही जिथे निघालाय तिथे आपला एक माणूस साडेबाराशेहून जास्त वर्षांपूर्वी जाऊन राहिला आणि तिथेच गेला. त्याचं नाव बोधिसेन.
नारा ७१० ते ७८४ जपानची राजधानी होती. ७३५ पासून दोन-तीन वर्षं देवीच्या साथीनं माणसं गेली, वर दुष्काळ. अशा काळात सम्राट शोमूनं ७४३ साली वैरोचन बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती, म्हणजेच हा महाबुद्ध, घडवायचा संकल्प सोडला. गावोगाव हिंडून लोकांना या कामाशी जोडलं ते ग्योकी नावाच्या भिक्षूनं. किन्तेत्सु नारा स्टेशनाबाहेर कारंज्यावर उभा आहे तो हाच ग्योकी. लोक त्याच्यापाशी 'भेटूया' म्हणून उभे असतात आणि त्याच्याकडे बघत नाहीत.
बोधिसेन दक्षिण भारतातला, भारद्वाज गोत्राचा. चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला तेव्हा त्याच्या स्वागताला नानिवा बंदरात, म्हणजे आजच्या ओसाकात, ग्योकीच गेला होता. ७५२ साली मूर्तीचे डोळे उघडायचा विधी झाला. डोळे रेखायचा मान बोधिसेनाला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे रेघ ओढताना सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला शोसोइन या लाकडी भांडारात आजही जपून ठेवलाय. बोधिसेन ७६० साली तिथेच वारला.
तुम्ही जाताय त्याच सुमारास शोसोइनच्या वस्तूंचं वार्षिक प्रदर्शन नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. भांडारात नऊ हजारांच्या आसपास वस्तू, त्यातल्या साठेक दर वर्षी बाहेर काढतात. तारीख-वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं. हे सोडू नका.

धनंजय_हुबळी:
छान माहिती. पण आजची मूर्ती ती नाहीच. ११८० आणि १५६७ मध्ये देऊळ जळालं, आजचं डोकं सतराव्या शतकात बसवलेलं आहे. बोधिसेनानं रेखलेले डोळे कधीच गेले. मग तेच बघायला आलो असं समजून भारावून जाण्यात अर्थ नाही.

पोथीवाला:
डोकं नवं आहे हे बरोबर. पण मूर्ती ज्या कमळावर बसलीय त्याच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्या आहेत, त्यांवर बारीक रेषांनी बुद्ध आणि विश्वांची चित्रं कोरलीत. आणि देवळासमोर अंगणात अष्टकोनी कांस्य दीप आहे, माणसाच्या दुपटीहून उंच. तोही बहुतांशी मूळचा आहे, दोन्ही आगींतून वाचला. त्याच्या जाळीदार झडपांवर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. कुणी बासरी वाजवतोय, कुणी झांजा. लोक महाबुद्धाच्या ओढीनं त्याला वळसा घालून आत पळतात. मी पहिल्या वेळी तेच केलं, दुसऱ्या वेळी कळलं तेव्हा वाईट वाटलं.

सुलभा_अकोला:
डोळे उघडणं म्हणजे आपली प्राणप्रतिष्ठाच ना?

धनंजय_हुबळी:
प्राणप्रतिष्ठा वेगळी. बौद्धांत प्राण आवाहन करत नाहीत.

अन्नपूर्णा_डोंबिवली:
खाण्याचं कोणीच नीट सांगितलं नाही. जपानात शाकाहारी म्हणून जे देतात त्यात वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. सूप, नूडल्सचं पाणी, भाज्यांचं सारण, सगळ्यात. पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली सुशी नाराची खासियत म्हणून पुढे करतील, आत मासा असतो. नारा-झुके लोणचं भाज्यांचं आहे, पण साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यात मुरवतात. आईंना चालत नसेल तर विचारून घ्या.
चालेल असं: लाल चवळ्यांचं गोड सारण भरलेली मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा मऊ गोळा. सांजो रस्त्यावर दोन माणसं मोठ्या लाकडी हातोड्यांनी उखळात ती धपाधप कुटतात. एक मारतो, दुसरा मधल्या क्षणात हात घालून पीठ उलटतो, छाती धडधडते बघताना! हिरवी असते ती दवण्याच्या जातीच्या रानपाल्याची, वरून भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरलेलं. हात पिठानं भरतात, रुमाल ठेवा. आणि चागायु म्हणजे चहात शिजवलेली तांदळाची पेज. कोकणातल्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटेल.
तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जाच. मी न्यायचे टाळले आणि दिवसभर केळ्यांवर काढले.

विनूकाका:
गाडी घेतली की गाईडच शाकाहारी हॉटेलात नेतो. सांगून ठेवतो.

कैवल्य_पुणे:
किन्तेत्सु घ्या, जेआर नाही. सकाळी लवकर जा. हरणांना प्लॅस्टिक देऊ नका. बाकी नारा सुंदर आहे.

जयंत_बडोदे:
मुक्ताताई, फुकट गाईडही मिळतात. नाराला विद्यार्थी आणि स्वयंसेवक इंग्रजीत फिरवून आणतात, आधी नाव नोंदवावं लागतं. आमच्याबरोबर आलेल्या मुलीनं वडिलांना प्रत्येक बाकावर बसवलं. आणि देवळाच्या दाराबाहेर उजव्या हाताला लाकडी बिन्झुरूची मूर्ती आहे, लाल कापडाचं टोपरं आणि आंगडं घातलेली. आपलं जे दुखतं तिथे त्याला हात लावायचा, मग स्वतःला. तो बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. बोधिसेनही भारद्वाज, हा योग मला फार आवडला. आईंच्या गुडघ्याचं तिथे सांगून या.

मुक्ता_सातारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. सुलभाताई, आई म्हणते की नेत्रोन्मीलन आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्याच विधीतला एक भाग आहे, सोन्याच्या शलाकेनं डोळे उघडतात. बौद्धांकडे कल्पना निराळी असली तरी डोळे उघडल्यावर मूर्ती मूर्ती होते हे दोन्हीकडे सारखंच, असं ती म्हणाली. धनंजयदादा, तुमचं म्हणणंही तिनं मान्य केलं.
पण बोधिसेनाचं वाचून झाल्यावर तिनं वही काढली आणि ठरवून टाकलं. आम्ही फक्त तोदाइजीचं आवार बघणार, पूर्ण दिवस. कासुगा नाही, टेकडी नाही, नारामाची नाही, प्रदर्शनही नाही.

पोथीवाला:
प्रदर्शन तरी बघा हो! ज्या वस्तू यंदा बाहेर येतील त्या पुन्हा किती वर्षांनी येतील सांगता येत नाही.

शेखर_बोरिवली:
इतक्या लांब जाऊन एकच देऊळ? पुन्हा जाणं होत नाही, मी अनुभवानं सांगतो.

ओसाकाची_सई:
कासुगा सोडू नकोस गं. दगडी आणि कांस्याचे मिळून तीन हजारांच्या आसपास दिवे आहेत. तोदाइजीतून पाऊण तासात होईल.
तरीही एकच जागा करायची असेल तर उतरायचा रस्ता ऐक. निगात्सुदोला चढताना-उतरताना घंटाघराकडच्या पायऱ्या घेऊ नकोस, त्या आईंना जड जातील. देवळाच्या मागून मातीच्या जुन्या भिंतींमधून फरसबंदी वाट वर जाते, चढ हलका आहे. शेवटी थोड्या पायऱ्या लागतात, तिथे धरायला कठडा आहे. नंदाइमोनजवळ तोदाइजीचं संग्रहालय आहे, स्वच्छतागृहं आणि बसायची जागा तिथे चांगली आहे. महाबुद्ध आणि संग्रहालय यांचं जोडतिकीट काढ.

विनूकाका:
निदान टॅक्सी तरी कर, बेटा.

मुक्ता_सातारा:
(दहा दिवसांनी)
आलो परत. सांगितल्याप्रमाणे लिहितेय.
स्टेशनाबाहेर ग्योकीला भेटलो. आईनं नमस्कार केला, तिथे कुणाची तरी वाट पाहणाऱ्या दोन मुली आमच्याकडे बघायला लागल्या आणि मग त्यांनीही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिथून बस घेतली, गुडघा राखून ठेवायचा होता. नंदाइमोनच्या दोन्ही बाजूंना जाळीमागे उभे द्वारपाल आहेत, साडेआठ मीटरच्या आसपास. १२०३ साली उनकेई आणि काइकेई यांनी सहकाऱ्यांसह घडवले, तेही सत्तर दिवसांच्या आत. आई त्यांच्या पायांच्या शिरा बघत होती. म्हणाली, लाकडात रक्त वाहताना दिसतंय.
आठ वाजून पाच मिनिटांनी अंगणात होतो. पोथीवाला, दीप बघितला. आई तिथे जवळजवळ पाऊण तास उभी होती. सकाळचं ऊन एका बाजूनं येत होतं, त्यामुळे बासरीवाल्याचे गाल फुगलेले स्पष्ट दिसत होते आणि त्याच्या खांद्यावरचं वस्त्र वाऱ्यानं मागे गेलेलं. झांजावाल्याची झडप सावलीत होती. तिथे ऊन फिरेपर्यंत आपण थांबू या, असं ती म्हणाली आणि आम्ही थांबलो.
आत महाबुद्धासमोर ती काही बोलली नाही. मागच्या बाजूला गेल्यावर एका कोपऱ्यात तामोन्तेन आणि दुसऱ्यात कोमोकुतेन हे दिक्पाल उभे आहेत. फलक वाचून तिनं मला हळूच सांगितलं की हा वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर, आणि हातात कुंचला धरलेला तो विरूपाक्ष. पुढच्या बाजूच्या कोकुझोला तिनं आकाशगर्भ म्हणून ओळखलं. मग तिथल्या भटजींकडून वहीवर देवळाचा शिक्का आणि अक्षरं घेतली. त्यांनी 'केगोन' लिहिलं, म्हणजे अवतंसक, या देवळाच्या पंथाचं सूत्र. शाई ओली होती म्हणून आई वही उघडीच धरून चालली.
जयंतदादा, बिन्झुरूच्या गुडघ्याचा रंग उडालाय, लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालंय. आमच्या पुढे एक जपानी आजी होत्या, त्यांनीही गुडघ्यालाच हात लावला. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि खूप हसल्या.
दुपारी देवळामागच्या जुन्या व्याख्यानगृहाच्या जागी बसून दशम्या खाल्ल्या. तिथे आता फक्त पायाचे दगड उरलेत आणि गवत. हरणं आली, आम्ही तळवे दाखवले, गेली. साडी नेसली होती, पदर शाबूत आहे.
सई, तुमच्या भिंतींच्या वाटेनं वर गेलो. फार सुंदर वाट आहे आणि आमच्याशिवाय तिथे चारच माणसं होती. निगात्सुदोच्या विश्रांतिगृहात फुकट चहा मिळतो तो मात्र चुकला, आम्ही चारच्या पुढे पोचलो आणि आवराआवर चालू होती. तुम्ही कोणी जाल तर साडेतीनपर्यंत पोचा. सज्ज्यातल्या बाकावर बसलो. समोर महाबुद्धाच्या देवळाचं छप्पर, त्याच्या दोन्ही टोकांची सोनेरी शेपटं, पलीकडे शहर आणि डोंगर. पाचला सूर्य गेला. मार्चमधला मशालींचा विधी इथे ७५२ पासून एकाही वर्षी चुकलेला नाही हे मी आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, बोधिसेन तेव्हा इथेच होता.
उतरताना त्याच वाटेनं आलो, एकदाही 'गुडघा' म्हणाली नाही. दोन्ही तिकिटं, बस, वहीतली अक्षरं आणि चार मोची धरून दर माणशी तीन हजारांच्या आत झालं. विनूकाका, टॅक्सी केली नाही.
कासुगाचे दिवे आणि प्रदर्शन राहिलं. भावाचं कंत्राट आणखी दोन वर्षांचं आहे. शोसोइनची तिकिटं कधी सुटतात ते कुणाला पक्कं माहीत असेल तर इथेच लिहून ठेवा, आईनं विचारायला सांगितलंय.